मधली खुर्ची

देवाने माणसाला कान दोनच दिले. एक ऐकायला आणि दुसरा सोडून द्यायला, असा त्यांचा विनियोग आमच्या घरात गेली बेचाळीस वर्षं बिनतक्रार चालू आहे. त्यामुळे आमच्या भाच्याने जेव्हा जाहीर केलं की, "मामा, गाणं नीट ऐकायचं तर सहा स्पीकर लागतात," तेव्हा चौतीस वर्षं बँकेत आकडेमोड केलेल्या माझ्या डोक्यात पहिला हिशेब आला तो हा, की एका कानाला तीन स्पीकर पडतात. हे प्रमाण मला जरा जास्त वाटलं. एका काउंटरला तीन शिपाई ही चैन आमच्या शाखेला कधी परवडली नव्हती.

"पुढे तीन, मागे दोन, आणि एक जमिनीवर. नुसता घुमायला," भाचा म्हणाला. "ह्याला फाइव्ह पॉइंट वन म्हणतात."

"म्हणजे पाच पूर्णांक एक दशांश?"

"नाही मामा. पाच आणि एक."

"मग सरळ सहा म्हण की!"

पण नव्या पिढीला सरळ सहा म्हणणं जमत नाही. असो. आमच्या डोंबिवलीच्या अकरा बाय चौदाच्या दिवाणखान्यात सहा स्पीकर कुठे बसवायचे यावर दोन रविवार खर्ची पडले. पुढचे तीन टीव्हीच्या आजूबाजूला मावले. मागच्या दोहोंतला एक फ्रिजवर चढला आणि दुसरा देव्हाऱ्याच्या फळीवर गेला, त्यामुळे डावीकडून मागून येणारं संगीत आमच्याकडे आधी देवाला ऐकू येतं आणि मग मला. 'कानामागून आली आणि तिखट झाली' या म्हणीचा शब्दशः अर्थ मला त्या दोन स्पीकरांनी शिकवला. राहता राहिला तो घुमणारा डबा. त्याला खिडकीखाली जागा दिली. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर तांब्याभांडं आलं, आठव्या दिवशी मनी प्लँट. डबा घुमला की पाण्यावर तरंग उठतात. हिच्या मते त्या सगळ्या सरंजामातून मिळणारी बघण्यासारखी गोष्ट तेवढी एकच.

मग भाच्याने टेप घेऊन मोजमापं केली आणि खडूने जमिनीवर चार फुल्या मारल्या. त्या चार फुल्यांवर खुर्चीचे चार पाय. पाचही स्पीकर तिथून सारख्या अंतरावर. खुर्ची वीतभर सरकली की गाणारा एका बाजूला कलतो, दोन विती सरकली की तो सरळ शेजारच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. म्हणजे एवढा खटाटोप करून खोलीत खरं ऐकू येणारी जागा एकच! ही त्या फुल्यांकडे बघून म्हणाली, "इथे पाट मांडून कुणाचं लग्न लावायचंय?" मी ऐकलं आणि दुसऱ्या कानाने सोडून दिलं.

पण त्या एका खुर्चीने पुढे मला जो प्रश्न घातला, तो काही दुसऱ्या कानाने जाईना. तोच सांगायला बसलो आहे.

या सगळ्याचं मूळ आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा. अण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. त्यांचा मुलगा कॅनडात. तो दर दिवाळीला त्यांना गाण्याच्या तबकड्या पाठवायचा. साध्या नव्हेत, चहूबाजूंनी ऐकायच्या. अण्णांचे कान सर्वधर्मसमभावी होते. बैठकीच्या गाण्यावर वाढलेला हा गृहस्थ मुलाने पाठवलेला बेथोवन, माहलर आणि पिंक फ्लॉइड त्याच आसनमांडीत बसून ऐकायचा, आणि समेवर मान हलवायला सम सापडली नाही तर सोयीस्कर ठिकाणी स्वतःच एक ठरवून घ्यायचा.

चहूबाजूंच्या आवाजाचं वेड त्यांना फार जुनं. पंचाहत्तर साली मुंबईत मिनर्व्हा थिएटरात त्यांनी 'शोले' पाहिला, सत्तर मिलिमीटर आणि स्टिरिओफोनिक आवाजात. अमिताभ नाणं उडवतो आणि ते पडल्याचा आवाज येताच प्रेक्षक आपापल्या खुर्चीखाली नाणं शोधायचे, असं सांगतात. अण्णा म्हणायचे, "सांगतात काय? मी स्वतः वाकलो होतो. आणि मला खरोखरच दहा पैसे सापडले!"

"मग काय केलंत?"

"काय करणार? परत कुणाला देऊ, अमिताभला?"

तेव्हा मी हसलो होतो. सापडलेली वस्तू कुणाची, हा प्रश्न पुढे माझ्याच दिवाणखान्यात येऊन बसणार आहे याची मला कल्पना नव्हती.

या आवाजाचा इतिहासही मोठा मजेदार आहे. ब्लमलाइन नावाचा एक इंग्रज इंजिनियर बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना त्याला म्हणे खटकलं, की पडद्यावरचा नट चालतोय उजवीकडे आणि आवाज येतोय दुसरीकडून. बायकोबरोबर सिनेमाला जाऊन इतकं लक्ष देणारा माणूस पुढे काहीतरी करणार हे उघडच होतं. १९३१ साली त्याने दोन बाजूंच्या आवाजाचं पेटंट मागितलं. स्टिरिओच्या तबकड्या दुकानात आल्या त्या १९५८च्या सुमाराला, आणि बिचारा १९४२ सालीच विमान अपघातात गेला होता. पुढे १९७०च्या दशकात कंपन्यांनी दोनाचे चार स्पीकर केले. पण प्रत्येकीची रीत वेगळी. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर चारही बाजूंनी वाजेना. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं नाही. दशक संपता संपता सगळा कारभार गुंडाळला गेला. त्यातून शहाणं व्हावं की नाही? तर १९९९ साली सुपर ऑडिओ सीडी आली आणि २००० साली तिच्याशी भांडायला डीव्हीडी ऑडिओ आली. दोघींच्या भांडणात गिऱ्हाईक शहाणं झालं. ते दोघींनाही सोडून खिशातल्या फोनवर, दोन कानांत दोन बोंडं घालून ऐकू लागलं. डीव्हीडी ऑडिओ विझली. सुपर ऑडिओ सीडी अगदी गेली नाही, थोड्या थोड्या अजून निघतात, पण ती वाजवणारं यंत्र घेऊन बसलेला माणूस आता शोधावा लागतो.

आमचे अण्णा त्यांतले एक होते. आणि एक दिवस त्यांच्या यंत्राचा जबडा मिटला तो उघडेना. दुरुस्तीवाला आला, त्याने यंत्राची नाडी पाहिली आणि म्हणाला, "पार्ट येत नाही." डॉक्टर "वय झालं" म्हणतात तो हाच सूर. यंत्र गेलं आणि मागे चौतीस तबकड्या राहिल्या. उत्तम गातात, पण वाचा नाही.

इथे आमचा भाचा प्रवेश करतो. त्याने सुचवलं की तबकड्यांतलं संगीत कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं, कॉम्प्युटरची एक केबल अँप्लिफायरला जोडावी आणि बसल्या जागी सगळं ऐकावं. डीव्हीडी ऑडिओ कॉम्प्युटरच्या साध्या ड्राइव्हमध्ये जाते. सुपर ऑडिओ सीडी जात नाही. तिच्यातला बहुबाजूंचा थर कॉम्प्युटरला दिसूच नये अशी तिला कुलपं घातलेली आहेत. पण कुलूप आलं की किल्लीवालाही येतो. प्लेस्टेशन ३ नावाचं पोरांचं खेळायचं यंत्र आहे, त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलांमधून आणि काही ब्लू-रे प्लेअरांमधून ती वाचता येते असं लोकांनी शोधून काढलं. भाच्याने मित्राकडून असं एक जुनं यंत्र आणलं. अण्णा म्हणाले, "तुझ्याकडेच उतरवून ठेव रे. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही आणि जिने उतरायला मला निमित्त हवंच आहे." पंधरा दिवसांत चौतीस तबकड्या माझ्या कॉम्प्युटरात उतरल्या. एकेक तबकडी चार चार जीबीपर्यंत. चार जीबी म्हणजे किती हे मला कळत नाही, पण भाचा तो आकडा गोणींचा हिशेब द्यावा तसा सांगत होता.

पहिल्याच आठवड्यात माझी शोभा झाली. एक इंग्रजी गाण्यांची तबकडी लावून मी तीन दिवस एकटाच फुल्यांवर बसून ऐकत होतो. वाद्यं काय सुंदर चौफेर पसरली होती! चौथ्या दिवशी अण्णा आले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "गाणारी कुठंय?" म्हणजे काय झालं होतं, की कॉम्प्युटरच्या एका सेटिंगमध्ये मधला स्पीकर आहे हेच नोंदवायचं राहिलं होतं आणि गाणारी नेमकी मधल्या स्पीकरमध्ये उभी होती. तीन दिवस मी गाणारणीशिवायचं गाणं "वा, वा" करत ऐकलं! भाच्याने ते दुरुस्त केलं तर वाटांची अदलाबदल झाली आणि ती घुमणाऱ्या डब्यातून, तांब्याभांड्याखालून, विहिरीत पडल्यासारखी गाऊ लागली. ही म्हणाली, "अहो, काढा तिला बाहेर!"

हिला एकदाच या प्रकाराने खरोखर हलवलं. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये 'टाइम' नावाचं गाणं आहे, त्याच्या सुरुवातीला घड्याळंच घड्याळं वाजतात. अॅलन पार्सन्स या त्यांच्या ध्वनिमुद्रकाने ती घड्याळांच्या दुकानात जाऊन मुद्रित केली होती, आणि तीही चार बाजूंच्या आवाजाच्या प्रात्यक्षिकासाठी. २००३ साली ती तबकडी सुपर ऑडिओवर आली आणि कॅनडामार्गे डोंबिवलीत पोचली. दुपारी चारला ती सगळी घड्याळं फ्रिजवरून, देव्हाऱ्यातून, टीव्हीमागून एकदम ठणाणा वाजली. ही झोपेतून उठली ती थेट स्वयंपाकघरात धावली. गॅसवर काहीच नव्हतं. "मग कशाला वाजली?" या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर आता खुर्ची. आम्ही ऐकणारे दोघं आणि खरी जागा एक. पहिल्या दिवशी मी अर्थातच अण्णांना मधे बसवलं. तबकड्या त्यांच्या, वय त्यांचं. अण्णा बसले. तबकडी निम्म्यावर आली तशी ते उठले आणि म्हणाले, "चल, आता तू."

"अहो अण्णा, बसा की."

"अर्धं मी, अर्धं तू. ऊठ."

त्यानंतर चार वर्षं हाच नियम. दर गुरुवारी आणि रविवारी, निम्म्यावर खुर्च्यांची अदलाबदल. बाजूची खुर्ची फ्रिजवरच्या स्पीकरच्या खाली होती. तिथे बसलं की बेथोवनचं पुढचं सगळं लांबून ऐकू यायचं आणि कानात भरायचा तो नुसता सभागृहाचा घुमारा. अण्णा तिथे बसूनही मान हलवत. "मागून काय येतं तेही कुणीतरी ऐकायला हवं," म्हणत. माहलरच्या दुसऱ्या सिंफनीत काही वादक रंगमंचाबाहेर उभं राहून वाजवतात, ते कळल्यावर अण्णांना त्यांच्याबद्दल विशेष आस्था वाटू लागली. "आपल्यासारखेच. आत जागा नाही, पण वाजवतायत बघ!"

खरं म्हणजे चहूबाजूंचा आवाज ही आपल्याला नवलाई नाहीच. गणपतीची आरती आठवा. समोर एक खणखणीत आवाजाचा म्होरक्या, उजवीकडे टाळ, डावीकडे झांजा, मागे दाराशी उभं राहून अर्धी मात्रा उशिरा म्हणणारे काका, आणि टाळ्यांची दिशा चुकलेलं एखादं पोर. इतकी अस्सल चौफेर रचना कुठल्या स्टुडिओला साधणार? फक्त एक फरक आहे. आरतीत मधली खुर्ची नसते. मधे देव असतो आणि तो काही म्हणत नाही.

आता नीतीचा प्रश्न. तो काढला भाच्यानेच. एकदा म्हणाला, "मामा, खरं तर हे बेकायदा असू शकतं." म्हणजे सगळं उरकल्यावर! लग्न लावून झाल्यावर गोत्र विचारणाऱ्या भटजीसारखा.

मी कायदा वाचला. निवृत्त माणसाला वेळ असतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी, वैयक्तिक उपयोगासाठी केलेला रास्त वापर उल्लंघन मानलेला नाही. मात्र २०१२ साली त्यात कुलपांविषयी एक कलम आलं. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या इराद्याने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. अमेरिकेने १९९८ सालीच कुलूप तोडण्याला बंदी केली. आणि इंग्लंडची गंमत तर ऐकाच. तिथे स्वतःच्या पैशाने घेतलेल्या सीडीची स्वतःसाठी प्रत काढायला सरकारने २०१४च्या ऑक्टोबरात परवानगी दिली आणि २०१५च्या जुलैत कोर्टाने ती तरतूद रद्द केली. म्हणजे काही महिने तिथला नागरिक सज्जन होता, आणि नंतर तेच कृत्य करून गुन्हेगार झाला. नीती ही शाश्वत असते असं शाळेत शिकवत, ते बहुधा सप्टेंबरपर्यंतच खरं असावं.

इरादा हा शब्द मला बरा वाटला. आमचा इरादा अण्णांच्या बंद पडलेल्या तबकड्या अण्णांना ऐकवण्याचा. आपल्याच घराची किल्ली हरवली तर कुलूप तोडणारा चोर ठरतो का?

आणि नक्कल करणं हे पाप आहे असं आमच्या पिढीला कुणी सांगितलंच नव्हतं. मी कॉलेजात असताना कवितांची वही ठेवत असे. दुसऱ्याकडून आणलेल्या पुस्तकातल्या कविता जागून जागून उतरवल्या. वडिलांनी कौतुक केलं, "अक्षर सुधारेल." पुढे कॅसेटी आल्या. मित्राकडची रेकॉर्ड आपल्या कॅसेटवर उतरवली तर कौतुक कुणी केलं नाही, पण चोरही कुणी म्हटलं नाही. आता यंत्राने चार मिनिटांत उतरवली की मात्र चोरी! वहीत उतरवणारा रसिक आणि कॉम्प्युटरात उतरवणारा चोर, यांच्यात फरक काय, तर बोटं दुखली की नाहीत एवढाच? कष्ट झाले की पाप धुऊन निघतं, असं तर नव्हे?

मी पुष्कळ विचार केला. चोरी म्हणजे ज्याची वस्तू त्याच्याकडून जाते. माझी छत्री चोरीला गेली तर मी भिजतो. पण मी कविता उतरवून घेतली म्हणून ती पुस्तकातून गेली नाही. इथपर्यंत ठीक. पण कवीच्या बाजूने बघितलं तर त्याचं काही गेलं नसलं, तरी यायचं होतं ते आलं नाही. आणि 'येणे बाकी' म्हणजे काय हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

शेवटी मी माझ्यापुरता निकाल दिला. तबकड्यांचे पैसे अण्णांच्या मुलाने मोजलेत. त्या वाजवण्याचा हक्क अण्णांचा. माझ्याकडे आहेत त्या अण्णांच्या प्रती, मी नुसता सांभाळणारा. लॉकर बँकेत असला म्हणून दागिने मॅनेजरचे होत नाहीत. निकाल देऊन मी सुखाने झोपलो.

गेल्या श्रावणात अण्णा गेले. बुधवारी गेले. गुरुवारी मी संध्याकाळी पाचला सवयीने दोन खुर्च्या मांडल्या आणि मग माझ्या लक्षात आलं.

महिन्याभराने त्यांचा मुलगा घर आवरायला आला होता. वहिनी त्याच्याबरोबर जाणार होत्या. तो खाली आला आणि बोलता बोलता म्हणाला, "काका, बाबांच्या त्या डिस्क मी विकायच्या म्हणतो. हल्ली त्यातल्या बऱ्याच मिळत नाहीत, शौकीन लोक चांगले पैसे देतात. आईच्या नावावर टाकीन." मी "छान, छान" म्हटलं. तो गेला, आणि मी कॉम्प्युटरकडे बघितलं. कॉम्प्युटरने माझ्याकडे.

आता बघा. तबकड्या उद्या बंगलोरच्या नाहीतर बोस्टनच्या कुणा शौकिनाकडे जाणार. तो पैसे मोजणार. त्या वाजवण्याचा हक्क त्याचा होणार. मग माझ्याकडच्या चौतीस प्रती कुणाच्या? अण्णांच्या म्हणाव्यात तर अण्णा नाहीत. त्या शौकिनाच्या म्हणाव्यात तर तो मला ओळखतही नाही.

बँकेत आम्ही याला एका ठेवीच्या दोन पावत्या म्हणतो. मूळ पावती दुसऱ्याच्या हातात पडली आणि तुमच्याकडची नक्कल तशीच राहिली, की ती नक्कल नसते, ती भानगड असते. मी स्वतः एका माणसाला अशा दुसऱ्या पावतीवरून तासभर व्याख्यान दिलेलं आहे. तो बिचारा शेवटी म्हणाला होता, "साहेब, वडिलांची आठवण म्हणून ठेवली होती हो." मी म्हटलं होतं, "आठवण ठेवा, पावती जमा करा." केवढा रुबाबात म्हणालो होतो!

भाचा म्हणाला, "मामा, कुणाला कळणार आहे?"

मी म्हटलं, "हाच प्रश्न विचारणाऱ्या दोन कॅशिअरांना मी ओळखतो. दोघांनाही लवकर निवृत्त व्हावं लागलं."

हिने मात्र मेथी निवडता निवडता विचारलं, "मग तुम्हीच विकत का घेत नाही?"

सगळ्या तत्त्वज्ञांची अडचण ही असते, की त्यांना असं कुणी वेळेवर विचारत नाही. मी वर गेलो. मुलगा म्हणाला, "काका, तुमच्याकडून पैसे कसे घेऊ? तशाच घेऊन जा." आता ही नवी पंचाईत. वहिनींच्या खात्यात जायचे पैसे मी मैत्रीच्या नावावर खाणार? मी म्हटलं, "बाबा रे, मी फुकट घेतल्या तर तुझ्या आईला लुबाडलं. विकत घेतल्या तर तुझ्या बाबांना बरं वाटेल. बाजारभाव सांग." बाजारभाव ऐकून मी जिन्यात दोन मिनिटं बसलो. चौतीस तबकड्या माझ्या पेन्शनीच्या आवाक्यात नव्हत्या. बारा घेतल्या. आम्ही दोघांनी खऱ्या अर्थाने ऐकलेल्या. घड्याळांची घेतली, हिचा विरोध असताना. माहलरची घेतली, बाहेर उभ्या असलेल्या वादकांसाठी.

उरलेल्या बावीस मी त्या रात्री कॉम्प्युटरातून पुसल्या. पुसताना तो दर वेळी विचारतो, नक्की पुसायचं का? आयुष्यात नीतीचा प्रश्न इतक्या नम्रपणे मला कुणी विचारला नव्हता, आणि तोही लागोपाठ बावीस वेळा. सतराव्याला मी अडखळलो. त्या तबकडीत एका संथ भागात अण्णांना हमखास डुलकी लागायची, आणि जाग आली की ते म्हणायचे, "काय शांतता आहे बघ." तेवढी ठेवावी का? पाणी पिऊन आलो. पुसली.

सकाळी भाच्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "काळजी करू नका मामा, बॅकअप आहे माझ्याकडे. बॅकअपशिवाय कुणी काही पुसतं का?"

माणसाच्या सद्वर्तनाचाही बॅकअप असतो हे मला माहीत नव्हतं! रात्रभर झालेली माझी चित्तशुद्धी दोन मिनिटांत मागे फिरवता येण्याजोगी होती. मी त्याला तोही पुसायला लावला, समोर बसवून. नंतर तो मान खाली घालून फार लगबगीने निघून गेला. तिसरी प्रत कुठे असेल का, हे मी विचारलं नाही. ऑडिटरलाही कुठेतरी सही करून घरी जावं लागतं.

तर आता माझ्याकडे बारा तबकड्या आहेत आणि त्या वाजवायला यंत्र नाही. त्या कपाटात असतात, पावतीसारख्या. गाणं कॉम्प्युटरात असतं. एवढे पैसे नुसत्या पावतीसाठी घातलेत का, असं मला काहीजण विचारतात. मी हो म्हणतो. मी बरोबर वागलो की नुसता हट्टीपणा केला, हे अजून मला नीट सांगता येत नाही. मात्र गाणं लावताना आता इकडेतिकडे बघावं लागत नाही एवढं खरं.

आणि खुर्ची? मला वाटलं होतं, आता अख्खी तबकडी मधे बसून ऐकता येईल. अडवणारं कुणी नाही. पहिल्या रविवारी बसलो. तबकडी निम्म्यावर आली आणि मी उठून फ्रिजखालच्या खुर्चीत जाऊन बसलो. का ते विचारू नका. सवय. चार फुल्यांवरची खुर्ची रिकामी, आणि पाची बाजूंनी मोजूनमापून येणारं संगीत त्या रिकाम्या जागी येऊन पोचतंय, असं दृश्य. असे दोन-तीन रविवार गेले.

चौथ्या रविवारी ही मेथीची जुडी आणि परात घेऊन बाहेर आली आणि सरळ मधल्या खुर्चीवर बसली.

मी म्हटलं, "आवडतंय का?"

"इथे पंख्याचं वारं बरं लागतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, काडी मोडता मोडता, "ते मागून कोण वाजवतंय हो?"

"ते बाहेर उभे आहेत," मी म्हटलं. "त्यांना आत जागा नाही."

ती जरा थांबली, कान देऊन ऐकलं. दोन्ही कान. आणि खुर्ची वीतभर बाजूला सरकवून म्हणाली, "मग तुम्ही तरी या इकडे. तिकडे काय ऐकू येतंय!"

फुल्या चुकल्या. गाणारा एका बाजूला कलला. पण भाच्याला सांगणार नाही.